जपानी मोत्याची चमक कुठून येते ते आगोच्या खाडीत बघितलं

नागोयाहून किन्तेत्सु या खाजगी रेल्वे कंपनीची ट्रेन धरली की काशिकोजिमा हे शेवटचं स्टेशन, पुढे रूळच नाहीत, आगोची खाडी. योकोयामा टेकडीवरच्या डेकवर चढून बघितलं तर हिरवी छोटी छोटी बेटं आणि मधल्या शांत पाण्यावर ओळीने तराफे, त्यांच्या खाली जाळ्यांमधे शिंपल्या टांगलेल्या. तिथून पाय निघत नव्हता खरंच.

आदल्या दिवशी जवळच्या तोबा शहरात मिकीमोटो बेटावर गेले होते. 1893 मधे कोकिची मिकीमोटोंना इथेच शिंपलीत मुद्दाम वाढवलेला पहिला अर्धगोल मोती मिळाला. शिंपलीत मणी कसा घालतात ते तिथे दाखवतात, ते अजिबात चुकवू नका! शिंपली जेमतेम उघडायची, आतल्या मांसाला बारीक चीर द्यायची, गोल मणी सरकवायचा आणि त्याला चिकटून दुसऱ्या शिंपलीच्या आतल्या पडद्याचा चिमुकला तुकडा, तो तुकडाच पुढे मण्यावर थर चढवतो. आणि मणी बहुतेकदा कुठला, तर अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या शिंपल्याच्या कवचाचा.

मग देशाने फरक पडतो तो कशाने? आधी शिंपलीच्या जातीने. जपानची अकोया तळहातावर मावते, मोती साधारण 6-8 मिमीचा. ऑस्ट्रेलियात ब्रूमकडची शिंपली जेवणाच्या ताटाएवढी होते, मोती 10 मिमीच्या पुढे सहज जातो, रंग पांढरा-चंदेरी. फिलिपिन्समधे पालावानला त्याच जातीच्या सोनेरी काठाच्या शिंपलीतून सोनेरी मोती निघतात, आणि ताहितीकडचे करडे-हिरवट काळ्या काठाच्या शिंपलीचे.

पण जात एक असली तरी पाणी वेगळं असतंच ना. अकोया चीन आणि व्हिएतनाममधेही वाढवतात, तिथलं पाणी उबदार. जपानमधे मोती काढतात ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, कारण पाणी गार झालं की थर सावकाश आणि पातळ बसतात आणि चमक धारदार येते. एका दुकानातल्या बाईंनी माझ्यासमोर दोन मोती ठेवले, एकात खिडकीची चौकट रेघेसारखी स्वच्छ दिसत होती, दुसऱ्यात नुसता दुधी उजेड. आकार, रंग दोघांचा सारखाच!

घेताना एक मात्र विचारा, मोती वाढला कुठे. जपानच्या कोबे शहरात बाहेरच्या देशांतले मोतीही येतात, तिथे निवडून माळा होतात, त्यामुळे माळ जपानात ओवलेली आणि मोती दुसरीकडचा असं होऊ शकतं. आपल्याकडच्या नथीतले बसरा मोती तरी कुठे बसऱ्याला निघायचे, ते बहरीनकडच्या समुद्रातले, बाजार बसऱ्याचा.

मनाला लागलं ते वेगळंच. 2019 च्या उन्हाळ्यात एहिमे प्रांतात आणि इथे, म्हणजे मिए प्रांतात, लहान शिंपल्या मोठ्या प्रमाणात मेल्या. ज्या गार पाण्यावर या मोत्यांचं नाव उभं आहे तो समुद्रच आता तापतोय, याची मला खरोखर काळजी वाटते. जायचं असेल तर थंडीतच जा, काशिकोजिमाच्या धक्क्यावरून बोटी सुटतात, तराफे अगदी जवळून बघता येतात.