इंजिन तापलं की गाडी बंद? दोष गरम असतानाच पकडा

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. गावातली चार कामं होतात, कसलीच तक्रार नाही. घाट चढून वर आलं, एसी चालू ठेवून पाच मिनिटं थांबलं, की इंजिन बंद. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन फिरतं पण पकडत नाही. अर्धा-पाऊण तास गेला की काही झालंच नव्हतं अशी चालू. ओढून गॅरेजला नेईपर्यंत इंजिन थंड झालेलं असतं आणि मेकॅनिकसमोर गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. पुढचं ठरलेलं असतं: प्लग बदला, फिल्टर बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा, नाहीच तर पंप बदला. बिल होतं, दोष तिथंच राहतो.

हा दोष थंड गाडीत सापडत नाही. गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं हीच तपासणीची खरी वेळ. त्यामुळे आधी गाडी मुद्दाम बंद पाडायची, तीही आपल्याला सोयीच्या जागी. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट किंवा वाईकडून पसरणीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून चढायचा आणि वर मोकळ्या जागेत बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवायचं. सांगली-मिरजेकडे चढच नाही, तिथं दुपारच्या उन्हात बॉनेट लावून, एसी चालू ठेवून गाडी अंगणात अर्धा तास उभी करा, तेवढंच काम होतं. तरीही बंद पडली नाही तर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करून बघा. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. घाट चढून चहाला थांबलेली गाडी चहानंतर चालू होत नाही, ती यामुळेच.

चालत्या गाडीत हे घडलं तर ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर कडक होतो, आणि स्टिअरिंगही जड होतं. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. गाडी उभी राहीपर्यंत चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. तापमानाचा काटा लाल पट्टीत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तो ओव्हरहीटचा प्रश्न आहे, आधी पाणी, फॅन, थर्मोस्टॅट बघा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

सोबत तीन वस्तू हव्यात: मल्टिमीटर, मोबाइलला जोडणारा ब्लूटूथ स्कॅनर, आणि बाटलीभर थंड पाणी व फडकं.

इंजिन कसं बंद पडलं हे नीट आठवा, निम्मा तपास तिथंच होतो. दिव्याचं बटण बंद केल्यासारखं एका क्षणात गेलं, तर बहुतेक करंटचा मामला. आचके देत, पिकअप सोडत, दम तोडत गेलं, तर पेट्रोलचा. चालताना ठीक आणि फक्त सिग्नलला स्लोवर आल्यावर बंद, तर हवेचा किंवा मिश्रणाचा. हे शंभर टक्के नाही, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

झटक्यात बंद पडणाऱ्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पहिला संशयित क्रँक सेन्सर. माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्ती याच्यामुळे होते, आणि त्याला कारण आहे. चावी ऑन केली की पेट्रोल पंप दोन-एक सेकंद चालतो आणि थांबतो. पुढे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंप तेव्हाच चालवतो जेव्हा इंजिन फिरत असल्याचा सिग्नल क्रँक सेन्सरकडून येतो. सेन्सर तापून मेला की स्पार्क नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पंपही चालत नाही. मेकॅनिक प्रेशर बघतो, ते पुरेसं मिळत नाही, आणि नवा पंप बसतो. गाडी दोन दिवस बरी चालते, कारण दोन दिवस ती तेवढी तापलेलीच नसते.

म्हणून पंप, कॉइल, प्लग या कशालाही हात लावण्याआधी स्कॅनरवर आरपीएम लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिन फिरताना 150 ते 300 च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर सिग्नल येत नाही. स्कॅनर नसेल तर डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना तो थोडा हलतो. बंद पडतानाही लक्ष ठेवा: गाडी गिअरमध्ये अजून पुढे जातेय आणि काटा एकदम शून्यावर कोसळला, तर सेन्सरवरचा संशय पक्का होतो.

सेन्सर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवर किंवा पुढे क्रँक पुलीजवळ असतो, 10 च्या पान्याने सुटणाऱ्या एका बोल्टवर. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ असेल तर तो लवकर मरतो. गरम आणि बंद अवस्थेत थंड पाण्यात भिजवलेलं फडकं फक्त सेन्सरच्या अंगावर दोन-तीन मिनिटं धरा. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नका, तडा जाईल. एरवी अर्धा तास लागणारी गाडी यानंतर लगेच चालू झाली, तर सेन्सर किंवा त्याचा कपलर यापलीकडे फारसं शोधायला लागत नाही.

मीटरने बघायचं तर आधी सेन्सर कुठल्या जातीचा ते पाहा. दोन वायरचा असेल तर बहुधा आत गुंडाळी असते. त्याचा रेझिस्टन्स गाडीप्रमाणे साधारण 500 ते 1500 ओहम. थंड असताना मोजून लिहून ठेवा, बंद पडल्यावर पुन्हा मोजा. तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, त्यामुळे 25 अंशाला 800 असलेला 85 अंशाला हजाराच्या जवळ गेला तर तो दोष नव्हे. मीटर एकदम ओपन (तार तुटल्यासारखं) दाखवत असेल किंवा कपलर हलवल्यावर आकडा नाचत असेल, तर तो दोष. तीन वायरचा हॉल सेन्सर असेल तर ओहमवर मोजू नका, त्यातून काही कळत नाही आणि आतलं सर्किट जाऊ शकतं. त्याला 5 किंवा 12 व्होल्टचा सप्लाय आणि अर्थ मिळतो का, आणि सेल्फ मारताना सिग्नलच्या वायरवरचं व्होल्टेज वरखाली होतं का, एवढंच बघा. स्कॅनरवर दोषाचा कोड आला नाही म्हणून सेन्सर चांगला असं समजू नका. इंजिन थांबल्यावर सिग्नल थांबणं ईसीयूला स्वाभाविकच वाटतं, त्यामुळे क्रँक सेन्सरचा कोड पी 0335 दर वेळी नोंदला जातोच असं नाही.

आरपीएम दिसतोय तर पेट्रोलकडे वळा. मागच्या सीटजवळ कान लावून चावी ऑन करा, पंपाची दोन सेकंदांची गुणगुण आली पाहिजे. आली नाही तर पंपाच्या कपलरवर चावी ऑन केल्याबरोबर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नको. व्होल्टेज पूर्ण आहे आणि पंप गप्प, तर पंप गेला: आतले ब्रश झिजले की तापल्यावर कम्युटेटरला धरत नाहीत. टाकीला खालून लाकडी मुठीने ठोकल्यावर चालू झाला तर खात्रीच. व्होल्टेजच येत नसेल तर पंप निर्दोष आहे, रिले बघा. रिलेच्या आतलं सोल्डर तडकलं की थंडीत जोडलेलं राहतं आणि गरमीत सुटतं. त्याच नंबरचा हॉर्नचा किंवा फॅनचा रिले तिथं लावून बघायला एक मिनिट लागतं, आणि या एका मिनिटात पंपाचा खर्च वाचू शकतो.

पंपाला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोलच. काटा सतत रिझर्व्हला ठेवून घाट करणाऱ्यांचे पंप लवकर जातात. टाकी पाव भरलेली असताना बंद पडते आणि भरलेली असताना नाही, असं असेल तर ते मेकॅनिकला आवर्जून सांगा. प्रेशर गेज असेल तर बऱ्याच गाड्यांत 3 ते 4 बार मिळतं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. गेज नसेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. अशाने लगेच पकडली, तर बंद असताना लाईनमधलं प्रेशर उतरतंय आणि गरम रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाइपात) पेट्रोलची वाफ होतेय.

कॉइल तापून जाते तेव्हा सहसा आधी मिसिंग येतं. चारही सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर एक गेल्याने गाडी थरथरते, पण बंद पडत नाही. एकच कॉइल पॅक असेल तर बंद पडू शकते. स्पार्क बघायचा तर टेस्टर वापरा, वायर हातात धरून बघायचे दिवस गेले.

फक्त स्लोला बंद पडणाऱ्या गाडीत स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. इंजिन चांगलं गरम असताना 85 ते 95 च्या आसपास हवं. उणे 40 दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलेली आहे. 30-40 वरच अडकलं असेल तर ईसीयू इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडतो, काळा धूर येतो आणि प्लग काजळतात. या सेन्सरचा रेझिस्टन्स 20 अंशाला दोन-अडीच हजार ओहम आणि 80 अंशाला तीनशेच्या आसपास असतो. आकडे ठीक असतील तर थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन, मग व्हॅक्यूमच्या नळ्या. रबर गरम होऊन सैल पडतं आणि तिथून हवा शिरते. स्लोला फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) अधिक 20 च्या पुढे आणि 2500 आरपीएमला खाली येत असेल तर हवा शिरतेय. उलट रेस वाढवल्यावर ट्रिमही वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. टाकी भरल्यानंतरच त्रास होत असेल तर टाकीच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का पाहा: त्याची नळी चिमट्याने दाबल्यावर स्लो सुधारली तर तोच.

गॅसवरच्या गाड्यांत एक फसगत होते. सिक्वेन्शियल किट इंजिन थोडं तापल्यावर पेट्रोलवरून गॅसवर आपोआप जातं. त्या क्षणी गाडी बंद पडली की मालक म्हणतो, गरम झाली की बंद पडते. एक अख्खा दिवस स्विच पेट्रोलवर ठेवून चालवा. दोष नाहीसा झाला तर किटवाल्याकडे जा. गॅसवरच्या गाडीत टॅपेटही बघायला हवेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, गॅप संपतो आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. थंड कॉम्प्रेशन ठीक आणि गरम कॉम्प्रेशन पडलेलं, ही याची खूण.

कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती आणि पद्मिनीत खरोखर व्हेपर लॉक होतो. पेट्रोल पंप इंजिनलाच लावलेला, त्यात वाफ भरली की तो पेट्रोल ओढत नाही. पंपावर ओलं फडकं हा जुना उपाय चालतो, पण पंप आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड स्पेसर कुणी काढून टाकलाय का ते आधी बघा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल बरंच आहे (ऊस आपल्याच पट्ट्यातला, तक्रार कुणाकडे करणार), आणि त्या काळातल्या रबरी नळ्या, डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नव्हते. ते बदलून घ्या.

कॉमन रेल डिझेलची गोष्ट वेगळी. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला (परत टाकीकडे) जास्त जातं आणि सेल्फ मारताना रेलमध्ये पुरेसं प्रेशर उभं राहत नाही. इंजिन पकडायला साधारण 200 ते 250 बार तरी लागतं. स्कॅनरवर गरम इंजिनला ते 100-120 वरच घुटमळत असेल, तर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या आणि बाटल्या लावून मोजा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुपटीने डिझेल आलं तर तो इंजेक्टर उतरवायचा. चारही सारखे असतील तर पंप आणि त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह. रेलच्या पाइपचं नट इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं.

गॅरेजमध्ये देण्याआधी स्कॅनरवरच्या कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा, कारण बॅटरीची केबल काढली की बऱ्याच गाड्यांत सगळं पुसलं जातं. फ्रीझ फ्रेममध्ये कोड आला तेव्हाचं तापमान, आरपीएम आणि लोड असतो. पार्ट बदलल्यावर जुना पार्ट परत मागा, आणि गाडी जशी बंद पाडली होती तशीच, त्याच घाटात, एसी लावून पुन्हा चालवा. पैसे त्यानंतर.