दुपारी ३:३९ चा डेटाबेस

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मार्चमध्ये माझ्याच हातून 'व्हेअर' (कोणत्या खात्यांवर, ही अट) न लावता 'अपडेट' (डेटा बदलण्याची आज्ञा) गेला आणि झाडून सगळ्या खात्यांवर एकच व्याजदर चढला. हाताशी होता रात्री दोनचा डंप (डेटाबेसची तेव्हाची प्रत). म्हणजे दिवसभराच्या पावत्या पुन्हा भरा! कॅशियर मॅडम आठपर्यंत थांबल्या. चहा अर्थात माझ्याकडून.

त्याच शनिवारी पोस्टग्रेसचं (आमच्या डेटाबेसचं) वॉल आर्काइव्हिंग चालू केलं. वॉल म्हणजे बदलांची नोंदवही. प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये लिहिला जातोच. १६ एमबीचे ते तुकडे पुसले जाण्याआधी दुसऱ्या मशीनवर उचलून ठेवायचे, एवढंच. 'आर्काइव्ह_मोड' ऑन केल्यावर मात्र सर्व्हर रीस्टार्ट करावाच लागतो, रीलोडवर भागत नाही. आमच्याकडे व्यवहार कमी, तुकडा लवकर भरत नाही, म्हणून 'आर्काइव्ह_टाइमआउट' ३०० सेकंद ठेवला, म्हणजे तेवढ्या वेळाने अर्धवट तुकडाही उचलला जातो. आणि लगेच 'पीजी_बेसबॅकअप' (डेटाबेसच्या फाइल्सची पूर्ण प्रत) घेतला. पायाच नसेल तर नुसतं वॉल काय कामाचं?

एक ठेच लागलीच. आर्काइव्हची डिस्क भरली, तुकडे उचलण्याची कमांड फसत राहिली आणि पोस्टग्रेस इमानदारीने एकही तुकडा पुसेना. 'पीजी_वॉल' हे तुकड्यांचं फोल्डर फुगत गेलं. आता 'पीजी_स्टॅट_आर्काइव्हर' (किती तुकडे गेले, किती फसले याचा हिशोब) रोज सकाळी बघतो.

परवा जुन्या लॅपटॉपवर तालीम केली. बेसबॅकअप उतरवला, तुकडे परत आणणारी 'रिस्टोअर_कमांड' दिली, 'रिकव्हरी_टार्गेट_टाइम' (कोणत्या क्षणापर्यंत यायचं) दुपारी ३:३९, शेजारी रिकव्हरीची खूण म्हणून रिकामी 'रिकव्हरी.सिग्नल' फाइल. सर्व्हर बरोबर तिथे येऊन थांबला. पहिल्या खेपेला टाइमझोन लिहायचा राहिला होता, ते मॅडमना सांगितलेलं नाही.