लाल गोधड्यांच्या मधल्या वाटेवर

न्यूयॉर्क झालं, नायगारा झाला. त्यावर सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते 1 जून 2019 च्या शनिवारबद्दल, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या संसदेसमोरच्या लांब मैदानावरच्या.

टूरवाल्यांनी तिथे दहा मिनिटं दिली होती. मला या घाईचा मनापासून राग येतो. संसद आणि वॉशिंग्टन स्मारकाच्या मधल्या हिरवळीवर लालच लाल कापड अंथरलं होतं. 'मॉन्युमेंट क्विल्ट', म्हणजे स्मारक-गोधडी, हे त्याचं नाव. बलात्कार आणि घरातला छळ सोसून वाचलेल्यांनी शिवलेले, रंगवलेले तीन हजारांहून जास्त तुकडे. बाल्टिमोरच्या 'फोर्स' या गटाने ते काही वर्षं गोळा केले होते.

मी सहज फोन वर केला. शेजारच्या वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, "आधी वाचा." फोन पिशवीत टाकला आणि गवतावर बसले.

समोरच्या तुकड्यावर आठ टोकांची चांदणी होती, शंकरपाळ्यांसारखे छोटे तुकडे एकमेकांना जोडून केलेली. मी लहानपणापासून आजीच्या गोधड्यांत वाढले, त्यामुळे नजर आधी टाक्यांवरच जाते. मध्यभागी बारीक, एकसारखा धावदोरा; कडेला मात्र टाके लांब, वाकडे, जणू हात थकला होता. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे जन्माला, मरणाला, कुणाचा मान करायला चांदणीची गोधडी देतात." त्या लाकोटा या अमेरिकेतल्या मूळ आदिवासी समाजाच्या होत्या. हा तुकडा कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग त्यांनी संसदेच्या घुमटाकडे बोट केलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या ओलिफंट निकालापासून आदिवासी राष्ट्रांच्या कोर्टांना बिगर-आदिवासी आरोपीवर फौजदारी खटला चालवता येत नव्हता. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने घरगुती हिंसेपुरती वाट मोकळी झाली, पण परक्याने केलेला बलात्कार त्यात बसत नव्हता. 2016 च्या सरकारी अभ्यासात पाचांतल्या चारांहून जास्त आदिवासी स्त्रियांनी हिंसा भोगल्याचं नोंदलंय, आणि त्यातल्या बहुतेकींचा छळ करणाऱ्यांत बिगर-आदिवासी होतेच. 2013 च्या त्या कायद्याचं नूतनीकरण त्याच वर्षी, 2019 च्या एप्रिलमध्ये खालच्या सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं होतं. म्हणून ही गोधडी संसदेच्याच दारात. आपल्याकडच्या मोर्चांत मी चालले आहे, पण इतकं शांत आणि इतकं ठाम मागणं मी पाहिलं नव्हतं. परक्याने केलेला बलात्कारही कायद्यात बसवणारी दुरुस्ती झाली 2022 मध्ये.

वारा आला आणि चांदणीचा कोपरा उलटला. मागच्या बाजूला गाठीच गाठी होत्या, दोरे कापलेसुद्धा नव्हते. मी कोपरा सरळ केला आणि हाताने दाबून धरला. ताईचा फोन वाजत होता. बस निघून गेली. संध्याकाळी आम्ही मेट्रोने मेरीलँडला परतलो, वाटेत कुणी फारसं बोललं नाही.