परत आलेली खोकी

कंपनी कशी सुरू झाली असं कुणी विचारलं की मी भागीदाराकडे बोट दाखवतो. तो ती गोष्ट तिखटमीठ लावून छान सांगतो. खरं तर सांगण्यासारखं फार नाही. आम्ही दोघं मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायची नोकरी करत होतो. भूजलाची उपकरणं विकणारे पुष्कळ आणि दुरुस्त करणारे शोधूनही सापडत नाहीत, हे रोज दिसत होतं. एक टेबल, सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर आणि भिंतीला उभा बांधलेला, पाण्याने भरलेला तीन मीटरचा पारदर्शक पाइप, एवढ्यावर काम सुरू केलं. पाइप अजून तिथेच आहे. पातळीचा कुठलाही सेन्सर ग्राहकाकडे जायच्या आधी त्यात टप्प्याटप्प्याने खाली उतरतो.

विक्रीकडे उशिरा वळलो, तेही सगळ्यात साध्या वस्तूने, विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजणाऱ्या डिप मीटरने. खुणा केलेली टेप आणि टोकाला प्रोब. प्रोब पाण्याला टेकला की सर्किट पूर्ण होतं आणि रिळावरचा बझर वाजतो. यात चुकण्यासारखं काय आहे? पण एका ग्राहकाची तक्रार आली की एकाच विहिरीत, एकाच दिवशी, दोन माणसांच्या मोजणीत दीड सेंटिमीटरचा फरक पडतो, टेप बदलून द्या. मी नवी टेप घेऊन स्वतः गेलो. जुनी टेप बरोबरच होती. केसिंग पाइप, म्हणजे विहिरीत उतरवलेला आणि तोंडाशी वर आलेला पाइप, करवतीने तिरका कापलेला होता. एक जण त्याच्या उंच कडेवरून मोजत होता, दुसरा खालच्या. खिशातल्या मार्करने काठावर रेघ मारली आणि म्हटलं, यापुढे इथूनच मोजा. तेव्हापासून प्रत्येक डिप मीटरच्या पिशवीत आम्ही एक पक्का मार्कर टाकतो. कॅटलॉगमध्ये त्याचा उल्लेख नाही.

लॉगरचं प्रकरण मात्र महागात पडलं. लॉगर म्हणजे स्टीलची छोटी नळी. विहिरीत तारेने सोडली की ठरावीक वेळाने दाब नोंदवत महिनोन्‌महिने पडून राहते. आम्ही विकला तो प्रकार एकूण दाब मोजतो, म्हणजे पाण्याचा आणि त्या पाण्यावरच्या हवेचाही. हवेचा दाब वेगळा नोंदवून वजा केला तरच पाण्याचा आकडा हाती येतो. हे आम्हाला माहीत होतं, ग्राहकाला सांगितलंही होतं. पण हवेचा लॉगर म्हणजे आणखी एका उपकरणाचा खर्च, म्हणून त्याने तो घेतला नाही आणि आम्ही फार ताणून धरलं नाही. ऑर्डर हातची जाईल ही भीती, दुसरं काय.

काही महिन्यांनी तो आलेख घेऊन हजर. वादळाचे दोन दिवस, आसपास एकही पंप चालू नाही, तरी पातळी 20 सेंटिमीटर खाली जाऊन परत वर आलेली. लॉगर खराब आहे, पैसे परत करा. लॉगर ठणठणीत होता. वादळात हवेचा दाब 20 हेक्टोपास्कलने उतरला होता, आणि 1 हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास 1 सेंटिमीटर पाणी. पाणी जागच्या जागी होतं, लॉगरने वादळ मोजलं होतं.

मग हवामान केंद्राच्या नोंदी मिळवून हिशेब पुन्हा मांडला, तर पातळी पार अर्धा मीटर खाली निघाली. हवामानाच्या बातमीपत्रांत दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणून, म्हणजे तिथे तो किती असता ते काढून, दिलेला असतो आणि विहीर चांगली उंचावर होती. दर 8 मीटर उंचीला साधारण 1 हेक्टोपास्कल कमी होतो, तो फरक आम्ही धरलाच नव्हता. हाताने डिप मीटरने घेतलेल्या दोन मोजण्या वहीत होत्या म्हणून चूक कळली. डेटा सावरला, पण ग्राहक काही सावरला नाही. त्यानंतर हवेच्या लॉगरशिवाय असा लॉगर विकायचा नाही असं ठरवलं. त्यापायी ऑर्डर गेल्या. त्याची चुटपुट लागते, लागत नाही असं म्हणणार नाही.

हवेची कटकट नको असेल तर दुसरा प्रकार आहे. त्यात केबलच्या आतून एक बारीक नळी वरपर्यंत येते आणि सेन्सरच्या पाठीला बाहेरची हवा मिळते, वजाबाकी आपोआप होते. त्या नळीत बाष्प शिरू नये म्हणून तोंडाशी सिलिका जेलची डबी असते. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. त्याची गंमत शेवटी सांगतो.

पाण्याच्या गुणवत्तेच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन एकच असतो: पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते सांगणारं एक यंत्र द्या. असं यंत्र नाही, हे सांगताना विक्रेत्याच्या जिवावर येतं. विद्युतवाहकता मोजणारं मीटर पाण्यात एकूण क्षार किती हे चटकन सांगतं आणि त्या कामात ते उत्तम आहे. पण आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. त्याच्या दसपट आर्सेनिक असलं तरी त्या मीटरचा काटा हलणार नाही. फ्लोराइडची मर्यादा 1.5 मिलिग्रॅम, तेही वाहकतेवरून कळत नाही. जंतूंसाठी तर नमुना उबवण-पेटीत ठेवून दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते. हे सगळं ऐकल्यावर निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेल्यांना आम्ही मीटर विकतो आणि प्रयोगशाळेत नमुना कसा पाठवायचा तेही लिहून देतो.

पाणी किती आम्ल ते मोजणाऱ्या पीएच प्रोबचा एक छळ आहे. स्वच्छ राहावा म्हणून लोक तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात आणि त्यातच त्याचं आयुष्य घटतं. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा, असं टोपणावरच छापलंय. वाचतो कोण?

आता या वेळची बातमी. कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडा तपासून जुळवायला, आलेलं उपकरण आम्ही यापुढे आधी साफ करणार नाही. ऐकायला विचित्र वाटेल. इतकी वर्षं आमचा मुलगा, म्हणजे वर्कशॉपमधला, प्रोबवरचं शेवाळ घासायचा, बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, आकडा जुळवायचा आणि चकचकीत प्रोब परत पाठवायचा. ग्राहक खूश. मग एका ग्राहकाने विचारलं, पाठवला तेव्हा तो किती चुकत होता? मागचे तीन महिने त्याच प्रोबचे आकडे वहीत आहेत, त्यांचं काय करू? आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण पुरावा आम्हीच ब्रशने धुऊन टाकला होता.

म्हणून आता खोकं उघडलं की प्रोब आहे तसा, शेवाळासकट, प्रमाणित द्रावणात जातो. पीएचसाठी 4, 7 आणि 10 चे बफर, वाहकतेसाठी 1413 मायक्रोसीमेन्सचं द्रावण, तापमान 25 अंश. तो आकडा कागदावर उतरला की मग साफसफाई, त्यानंतर दुसरा आकडा, आणि जुळवणी झाल्यावर तिसरा. शेवाळामुळे किती चुकत होतं आणि सेन्सर म्हातारा झाल्यामुळे किती, हे त्यातून वेगळं कळतं. तिन्ही आकड्यांचा कागद उपकरणासोबत परत जाईल. एका प्रोबला आता दुप्पट वेळ लागतो. दर मात्र तूर्त तेच ठेवलेत. भागीदाराला ते पटलेलं नाही.

दुसरं म्हणजे, दुरुस्तीच्या काळात नोंदींत खंड पडू नये म्हणून काही लॉगर उसने द्यायला बाजूला काढलेत. संख्या थोडी आहे, आधी कळवा.

आणि ती सिलिका जेलची गंमत. हवेच्या नळीचं तोंड उघडं दिसलं की माणसाचा हात आपसूक चिकट टेपकडे जातो, पाऊस आत जाईल म्हणून. तोंड बंद झालं की सेन्सर हवेचा दाबही पाण्यात धरायला लागतो, म्हणजे पुन्हा तेच वादळ. अशी इतकी उपकरणं परत आली की आम्ही डबीवर मोठ्या लाल अक्षरांत लेबल लावायला सुरुवात केली: इथे टेप लावू नये. काल एक खोकं आलं. दाणे गुलाबी, आकडे भरकटलेले. टेप त्या लेबलवरूनच गुंडाळली होती, तीन पदरी.