उलटी टीप

भाचीची बारावी आहे त्यामुळे सध्या आमच्याकडे जेवणं झाली की बायोलॉजी असतं. परवा डीएनएची कॉपी कशी होते ते चाललं होतं. डीएनएची झिपसारखी चेन उघडते, मग अक्षरांच्या जोड्या, ए समोर टी, जी समोर सी, एवढं सगळ्यांनाच येतं. घोडं अडलं पुढे. "मावशी, एका बाजूला सरळ कॉपी आणि दुसऱ्या बाजूला तुकडे, असं का?"

तर होतं काय, दोन साखळ्या एकमेकींच्या उलट्या दिशेने असतात आणि कॉपी करणारा पॉलिमरेज (एक एन्झाइम) फक्त पाच प्राइमकडून तीन प्राइमकडेच (ही साखळीच्या दोन टोकांची नावं) बांधू शकतो, दुसरीकडे त्याला जमतच नाही. एका साखळीवर ठीक आहे, चेन उघडेल तसा मागोमाग जातो, पण दुसरीवर चेन उघडतेय पुढे आणि ह्याचं तोंड मागे, मग थोडं मागे बांधा, परत पुढे येऊन नवीन सुरुवात करा, परत मागे, आणि दरवेळी सुरुवातीला आरएनएचा छोटा प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारा तुकडा, हवाच, जो नंतर काढून टाकतात.

हे तुकडे 1968 मध्ये जपानमधल्या नागोयातल्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या नवराबायकोने दाखवून दिले. बॅक्टेरियाला काही सेकंदच रेडिओअ‍ॅक्टिव्ह थायमिडीन (डीएनए बांधायला लागणारा घटक) दिलं, आणि नुकताच बनलेला डीएनए बघितला तर हजार-दोन हजार अक्षरांचे तुकडे! रेजी हिरोशिमाचे, 1945 च्या बॉम्बच्या रेडिएशनमध्ये सापडलेले, 1975 मध्ये ल्युकेमियाने गेले, वय फक्त 44. पुढचं काम त्सुनेकोंनी चालू ठेवलं. आम्ही शिकताना 'ओकाझाकी' हे एकाच माणसाचं नाव समजायचो, बाईंचा पत्ताच नाही.

भाचीच्या डोक्यात काही शिरेना. शेजारी आई माझ्या ब्लाऊजची उसवलेली शिवण हाताने घालत बसली होती, म्हटलं तिचा हात बघ. सुई पुढे काढते, टाका मागे घेते, आधीच्या टाक्याला नेऊन भिडवते, आणि शिवण मात्र पुढेच सरकते. फरक एवढाच की आईचा दोरा अखंड आहे, इथे सुटे तुकडे लायगेज नावाचं एन्झाइम जोडतं.

"आणि कापड संपलं की?" आई.

भाचीला हे पाठ होतं. टोकाचा प्रायमर काढला की तिथे भरायला पुढून कोणी येत नाही, म्हणून बहुतेक पेशींत दर कॉपीला क्रोमोसोमचं टोक जरा कमी होतं, पण तिथे टेलोमिअर असतात, टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी असं हजारो वेळा, ते गेलं तरी जीन्सना धक्का नाही.

"म्हणजे माया सोडलीय," आई म्हणाली आणि दातानेच दोरा तोडला.