तुम्ही विचारलंत म्हणून: नेमबाजीच्या लीगमध्ये बघायचं काय?

रेंजवर मुलांना सोडायला येणारे पालक, शेजारचे काका, लग्नात भेटलेले पाहुणे, सगळे हल्ली एकच विचारतात. "मॅडम, कबड्डीची लीग समजू शकतो. नेमबाजीची लीग बघायला कोण येणार? त्यात बघायचं काय?" नॅशनल रायफल असोसिएशनने २०२५ मध्ये शूटिंग लीग ऑफ इंडिया जाहीर केली, तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढलाय. फ्रँचायझी संघ, आणि पिस्तूल, रायफल, शॉटगन या तिन्हींत एक मुलगा-एक मुलगी अशा मिश्र जोड्यांच्या लढती, अशी ती कल्पना. मी कोल्हापुरात बरीच वर्षं एअर रायफल शिकवतेय, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे. पात्रता फेरी बघायला बसलात तर कंटाळा येणारच. ७५ मिनिटांत ६० शॉट. बघणारा मागे, त्याला दिसतात नुसत्या पाठी, कडक जॅकेटातल्या, न हलणाऱ्या. कुणाचा शॉट सुटला, कुणी रायफल खाली घेतली, काही कळत नाही. पण हा दोष खेळाचा नाही, तो दाखवायच्या पद्धतीचा आहे.

आमच्याकडे सरावाला स्कॅट नावाचं यंत्र असतं. नळीला एक छोटा सेन्सर लावायचा, की नेम कुठे कुठे फिरतोय त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटत राहते. दहा मीटर एअर रायफलमधला दहाचा, म्हणजे लक्ष्याच्या अगदी मधला, ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. ती रेघ त्याच्याभोवती घिरट्या घालते, जवळ येते, निसटते, परत येते. श्वास सोडला की खाली उतरते. शेवटच्या सेकंदाला रेघेचा रंग बदलतो, आणि मग छर्रा सुटतो. ही रेघ मोठ्या पडद्यावर लावा आणि बघा, एक माणूस जागचा हलणार नाही.

आणि नेमबाजीला शांतता लागते, प्रेक्षकांचा गोंगाट कसा चालेल म्हणाल, तर जर्मनीत हे केव्हापासून चाललंय. तिथली एअर रायफलची बुंडेसलीगा १९९७ पासून आहे. संघात पाच जण, प्रत्येकाची समोरच्या संघातल्या एकाशी थेट झुंज, ४० शॉट, जो पुढे त्याच्या संघाला एक गुण. बरोबरी झाली तर एकेका शॉटवर निकाल. सामने व्यायामशाळेसारख्या हॉलमध्ये होतात आणि गावातली माणसं ढोल, घंटा घेऊन येतात. त्या आवाजात पोरं दहा मारतात. आमच्या मुलांना मी सांगत असते, शांततेत दहा मारणं म्हणजे अर्धीच तयारी.

पण मला ही लीग हवी आहे त्याचं खरं कारण वेगळंच आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा जगज्जेता झाला. पॅरिस ऑलिंपिकसाठी देशाला कोटा, म्हणजे त्या प्रकारातली एक जागाही त्यानेच मिळवून दिली. पण कोटा देशाचा असतो, नेमबाजाचा नाही. निवड चाचण्यांत दुसरे पुढे गेले आणि जगज्जेता घरी राहिला. नियम म्हणून हे योग्यच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला दिसतं ते एवढंच, की एका प्रकारात ऑलिंपिकला जास्तीत जास्त दोघं जातात आणि आपल्याकडे नॅशनल्सला हजारो मुलं उतरतात. त्यातला तिसरा, दहावा, तिसावा वर्षभर काय करतो? ट्रायल्सची वाट बघतो. ते झालं की पुढच्या ट्रायल्सची. बाकी रायफल, जॅकेट, छर्रे यांचा खर्च घरचा, आणि तो किती होतो ते आईबापांना विचारा. या मुलांना हक्काचा संघ, मानधन आणि नाव घेऊन ओरडणारी चार माणसं मिळाली तर ती चोविसाव्या वर्षी खेळ सोडणार नाहीत. म्हणूनच लीगवाल्यांकडे माझा एकच हट्ट आहे. प्रत्येक संघात ज्युनियर घ्या आणि त्याला खरोखर खेळवा, नुसता बाकावर बसवू नका.

बघायला कोण येणार? १ ऑगस्ट २०२४ ची दुपार आठवा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायच्या) रायफल फायनलला होता आणि इथे ज्यांनी आयुष्यात रायफल पाहिली नव्हती ती माणसं मोबाईलवर आकडे मोजत होती. ४५१.४, कांस्य. आपलं माणूस असलं की लोक बघतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही रेंजवर मिश्र जोड्यांची लढत लावली. नियम सोपा: जोडीतल्या दोघांच्या शॉटची बेरीज (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९), जास्त त्या जोडीला दोन गुण, सारखी झाली तर एकेक, आधी १६ करील तो जिंकला. रेघ पडद्यावर टाकली. १४-१४ झाले. दहावीतल्या आमच्या मुलीने रायफल उचलली, गाल टेकवला, आणि खाली घेतली. परत उचलली. परत खाली. तिची आई रोज बाहेर स्कूटरवर बसून वाट बघणारी. त्या दिवशी पावसामुळे आत आली होती. शॉटच्या वेळातले बारा सेकंद उरले तेव्हा मुलीने तिसऱ्यांदा रायफल उचलली. रेघ ठिपक्याशी आली, थरथरली, थांबली. १०.६.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ती दोनदा खाली का घेतली होती?"

आता ती बाहेर बसत नाही.