लोरीचा हेवा

'पोस्टमॉर्टेम' परवा वाचून संपलं, पण डोक्यातून जात नाहीये. खुनी सापडला तरी मनाला चैन नाही. दिवे मालवले की लोरी पीटरसनच समोर येते. आणि खरं सांगायचं तर मला तिची दया येत नाही, हेवा वाटतो. खून झालेल्या बाईचा हेवा! ताईला सांगितलं तर म्हणेल, असलं वाचूच नकोस.

पॅट्रिशिया कॉर्नवेलची ही कादंबरी 1990 ची, अमेरिकेतल्या रिचमंड शहरात घडणारी. शनिवारी पहाटे बायकांचे खून होतायत. व्हर्जिनिया राज्याची मुख्य वैद्यकीय तपासनीस डॉ. के स्कार्पेटा रात्री फोन आला की उठून निघते आणि थेट त्या खोलीत जाऊन उभी राहते. लोरीही डॉक्टरच. पुढे लेसरच्या उजेडात तिच्या अंगावर बारीक चकाकणारे कण दिसतात आणि ते कशाचे, यामागे सगळे हात धुऊन लागतात. तपास करणाऱ्या पोलिसाचा, मरिनोचा, संशय तिच्या नवऱ्यावर, मॅटवर. पण खोलीत कसलातरी गोडसर वास होता, हे मॅटच सांगतो. स्कार्पेटा तो वास शेवटपर्यंत सोडत नाही.

आमचे आप्पा अपघातात गेले तेव्हा आम्हाला कुणी काय विचारलं? ते पीत होते का, एवढंच. मग पंचनाम्यावर सह्या आणि शवागाराबाहेरचा तो बाक. काका सारखे आत जाऊन "बॉडी कधी देणार?" विचारत होते. पोस्टमॉर्टेम कुणी केलं, डॉक्टर बाई होत्या की बुवा, तेही कळलं नाही. दादा तेव्हा जे बोलला ते... जाऊ दे. लोरीला स्कार्पेटा मिळाली. आप्पांना कोण मिळालं?

कॉर्नवेलने त्याच रिचमंडच्या वैद्यकीय तपासनीसांच्या कार्यालयात सहा वर्षं नोकरी केली होती. 1987 मध्ये त्या शहरात असेच खून झाले आणि त्यातला गुन्हेगार डीएनएच्या पुराव्यावर दोषी ठरला. म्हणून तिचं शवागार खरं वाटतं. तिथेही रोज नवे मृतदेह येतच राहतात. फक्त लोरीसाठी स्कार्पेटाकडे अख्खी कादंबरी आहे. आप्पांच्या डॉक्टरकडे त्या दुपारी किती जण ओळीने असतील, हे माझ्या मनात पहिल्यांदाच आलं.

काल रात्री विम्याच्या फायलीतून रिपोर्ट काढला. घरात सगळ्यांनी शेवटचा रकाना तेवढा वाचलेला, मृत्यूचं कारण. वर बाह्य तपासणीत डॉक्टरी अक्षरात लिहिलंय: उजव्या पोटरीवर जुना भरलेला व्रण, 4 सेंमी. विहिरीच्या काठावरून घसरले होते तो. अपघाताशी त्याचा काही संबंध नाही. तरी कुणीतरी वाकून पाहिलं, मोजपट्टी लावली, लिहून ठेवलं. ती ओळ मी कितीतरी वेळ वाचत होतो.

हेवा गेलाय असं नाही. कुणीतरी बाहेर येऊन आईशी दोन शब्द बोलायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण त्या डॉक्टरवरचा राग आता धरून ठेवता येत नाही. रिपोर्टवरची सही लागत नाही. उद्या दादाला फोन करून व्रणाचं सांगणार आहे. ताईला नंतर.